आधी नंबर जुळवा, मग पासवर्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक सर्व्हर आहेत. निम्म्याहून जास्त रेड हॅट आणि उबुंटू लिनक्स, ईआरपीचा (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस सांभाळणारी एआयएक्स या युनिक्सची दोन जुनी यंत्रं, बाकी विंडोज. विंडोजसाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी), म्हणजे सगळी खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, आहेच. लिनक्सवर मात्र प्रत्येक यंत्रावर वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. माणूस नोकरी सोडून गेला की एकेका यंत्रावर जाऊन त्याचं खातं बंद करायचं, आणि ऑडिटला दरवेळी दोन-चार राहून गेलेली सापडायची. आता ओपनएलडॅप ही वेगळी डिरेक्टरी उभारावी, लिनक्ससाठीचं फ्रीआयपीए आणावं, की लिनक्सही सरळ अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडावं? हाताशी माणसं दोन.

एडी आहेच, तर दुसरी डिरेक्टरी उभारू नका. लिनक्स एसएसएसडीने (यंत्राला डिरेक्टरीशी जोडणारी लिनक्सवरची सेवा) एडीला जोडा, एआयएक्स एलडॅप (डिरेक्टरी वाचायची पद्धत) आणि कर्बेरॉस (तिकिटं देऊन ओळख पटवणारी पद्धत) यांनी. ‘रिअल्म जॉइन’ ही जोडणीची आज्ञा द्यायला एका यंत्रावर पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि लोक फसतात ते तिथेच. लॉगिन झालं की काम झालं असं वाटतं. खरं काम त्याच्या आधीचं आहे: लिनक्स आणि एआयएक्स यंत्रांवरच्या युजर-नंबरांचा हिशेब लावणं. म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

त्याआधी एक फोड. लॉगिनच्या वेळी सर्व्हर तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो. हा ‘एसपाटील’ कोण, म्हणजे त्याचा नंबर काय, ग्रुप कुठले, होम डिरेक्टरी कुठे? लिनक्सवर हे एनएसएस बघतं. समोर बसलेला खरंच एसपाटील आहे का? हे पॅम बघतं, आणि आपल्या मांडणीत ते कर्बेरॉसला विचारतं. तिसरा प्रश्न, तो खरा असला तरी त्याला या यंत्रावर यायची मुभा आहे का? विंडोजमध्ये तिन्हींची उत्तरं एडीतूनच येतात, त्यामुळे विंडोज सांभाळणाऱ्यांना हे तीन प्रश्न आहेत हेच कधी जाणवत नाही. मिश्र ताफ्यात बिघाड शोधताना मात्र आधी हेच ठरवायचं की तिघांपैकी अडलंय कोण. ‘आयडी’ आज्ञेने युजरचा नंबर दिसतोय, म्हणजे पहिला सुटला. ‘केइनिट’ने तिकीट मिळतंय, म्हणजे दुसराही सुटला. मग उगाच पासवर्ड बदलत बसू नका, परवानगीकडे बघा.

ओपनएलडॅपला मी नको का म्हणतो? ते वाईट आहे म्हणून नाही. मी स्वतः ते अनेक वर्षं चालवलंय. पण तुमच्याकडे एडी आधीच आहे. दुसरी डिरेक्टरी आली की दोन्हीकडचे पासवर्ड एकसारखे ठेवायची मागणी महिन्याभरात येते. एडी साठवलेला पासवर्ड परत काढून देत नाही. त्यामुळे बदलणारा पासवर्ड त्याच क्षणी पकडण्यासाठी प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर (एडी चालवणाऱ्या सर्व्हरवर) फिल्टर बसवावा लागतो. एक कंट्रोलर राहिला, की त्या दिवशी तिथून पासवर्ड बदललेल्यांचा लिनक्सवरचा पासवर्ड जुनाच राहतो, आणि ‘कालपर्यंत चालत होतं’ अशा तक्रारी सुरू होतात. एका गावात दोन पाटील नकोत.

फ्रीआयपीएचं गणित थोडं वेगळं. ते एडीबरोबर ट्रस्ट (एडीने पटवलेली ओळख मानायचा करार) करून चालतं, पासवर्ड एडीतच राहतात, आणि कोणी कुठल्या यंत्रावर यायचं, कोणाला सुडोत (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवायची सोय) काय मिळायचं हे सगळं एका जागी लिहिता येतं. शेकडो लिनक्स यंत्रं असती आणि लिनक्सची वेगळी टीम असती तर मी तेच सुचवलं असतं. पण त्याला स्वतःचा डीएनएस झोन हवा, स्वतःचं प्रमाणपत्र-केंद्र सांभाळायचं, निदान दोन सर्व्हर त्यासाठी ठेवायचे. दोन माणसांच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

कोणीतरी एनआयएस ही जुनी डिरेक्टरीही सुचवेल, विशेषतः जुना युनिक्सवाला असेल तर. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९८०च्या दशकात ‘यलो पेजेस’ म्हणून आणलं. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघाल्यामुळे बदललं, पण आज्ञांच्या सुरुवातीचं ‘वायपी’ तसंच राहिलं. नेटवर्कवरच्या कोणालाही ‘वायपीकॅट’ करून सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) काढता यायचे, एवढं सांगितलं तरी पुरे. रेड हॅट ९ मधून ते काढूनही टाकलंय. पुढे जाऊ.

आता नंबर. युनिक्सच्या फाइलीवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. सातबाऱ्यावर जसा गट नंबर आणि त्यापुढे नाव, तसं एटसी-पासडब्ल्यूडी या खात्यांच्या यादीच्या फाइलीत नंबरापुढे नाव. नाव पुसून दुसरं लिहिलं की जमीन दुसऱ्याची. तुमच्या लिनक्स यंत्रांवर प्रत्येकाने आपापल्या क्रमाने युजर तयार केलेत, आणि नवीन लिनक्सवर पहिला युजर १००० नंबरने सुरू होतो. म्हणजे एका यंत्रावर १००४ म्हणजे डिझाइनचे देशमुख, दुसऱ्यावर १००४ म्हणजे स्टोअरचे कांबळे. यंत्रं सुटी आहेत तोवर कोणाचंच काही बिघडत नाही. एनएफएसने एक सामायिक फोल्डर जोडला, की देशमुखांची ड्रॉइंग कांबळ्यांना स्वतःच्या नावाची दिसतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही अकरा यंत्रं डिरेक्टरीला जोडली. लॉगिन चाललं, सगळ्यांनी टाळ्या दिल्या, घरी गेलो. शनिवारी पहाटे बॅकअपनंतर फाइलींचे मालक दुरुस्त करणारी माझीच एक स्क्रिप्ट चालली. ती जुन्या नंबरांच्या भरवशावर लिहिलेली होती. सकाळी आठला पहिल्या पाळीचा फोन: स्वतःच्या फाइली उघडत नाहीत, पण दुसऱ्यांच्या पगाराच्या शीट उघडतात. पूर्ववत करायला रविवार रात्र उजाडली. सॉफ्टवेअरमध्ये काही चूक नव्हती. आम्ही नंबरांची यादीच केली नव्हती.

यादी अशी करा. प्रत्येक यंत्रावरून एटसी-पासडब्ल्यूडी आणि ग्रुप फाइल गोळा करून एका शीटमध्ये टाका: यंत्र, नाव, नंबर, माणूस. चौथा रकाना हाताने भरायचा आहे आणि तोच खरा. ‘एसपाटील’, ‘सुनीलप’ आणि ‘पाटीलएस’ ही एकाच माणसाची तीन नावं असतील, ‘टेस्ट१’वर खरं तर रोजचा इन्व्हॉइस निघत असेल, ‘अ‍ॅडमिन’ हे खातं पाच जण वापरत असतील. या कामात एचआरला सोबत घ्या. गेलेल्या माणसांची खाती इथेच गळतात, ऑडिटचा निम्मा मुद्दा डोमेनला हात लावायच्या आधीच निकालात निघतो.

ओरॅकल, पोस्टग्रेस, बॅकअप एजंट यांची खाती त्या यादीतून सरळ वेगळी काढा. ती स्थानिकच राहू द्यात. डेटाबेस सुरू व्हायला डोमेन कंट्रोलर जिवंत असावा लागणं ही स्वतःच्या पायावर मारून घेतलेली कुऱ्हाड आहे.

मग नवे नंबर कुठून आणायचे? एसएसएसडीची आपोआप काढायची सोय आहे. एडीतल्या प्रत्येक खात्याला एक सिड (एडीने दिलेला ओळख-क्रमांक) असतो. त्यातल्या डोमेनच्या भागावरून एसएसएसडी २,००,००० नंबरांचा एक पट्टा निवडतं आणि सिडचा शेवटचा आकडा त्यात मिळवतं. म्हणून जोडल्यावर १३९२००१११७ असले लांबलचक नंबर दिसतात. घाबरू नका, ते चुकलेलं नाही. सेटिंग एकच असेल तर सगळ्या एसएसएसडी यंत्रांवर हेच उत्तर येतं आणि एडीत काहीही भरावं लागत नाही. नुसती लिनक्स यंत्रं असती तर मी म्हटलं असतं, हेच घ्या आणि सुखी राहा.

पण तुमच्याकडे एआयएक्स आहे. त्याला हा हिशेब येत नाही, ते डिरेक्टरीत लिहिलेला नंबर वाचतं. एसएसएसडीसारखंच काम करणारं सांबाचं विनबाइंड वापरणारा एखादा स्टोरेज बॉक्स असेल तर त्याचा हिशेब आणखी निराळा. त्यामुळे तुमच्या बाबतीत नंबर एडीतच लिहा. त्यासाठीचे रकाने विंडोज सर्व्हर २००३ आर२ पासून एडीत आहेत: यूआयडी-नंबर (युजरचा), जीआयडी-नंबर (ग्रुपचा), शेल, युनिक्स होम डिरेक्टरी. सर्व्हर २०१६ मध्ये खात्याच्या खिडकीतला ‘युनिक्स अ‍ॅट्रिब्यूट्स’ हा टॅब गेला, त्यावरून पुष्कळांचा समज झाला की सोयच गेली. रकाने जागेवर आहेत; अ‍ॅट्रिब्यूट एडिटरमधून किंवा पॉवरशेलने भरा. आणि एसएसएसडीत आयडी-मॅपिंग (नंबर आपोआप काढणं) बंद करायला विसरू नका, नाहीतर ते तुमचे नंबर बाजूला ठेवून स्वतःचेच काढत बसेल.

पट्टा कुठला घ्यावा याबद्दल माझं मत: २०००० ते ५९९९९. खालून स्थानिक खाती १००० पासून वर चढत असतात, ६०००० च्या वर लिनक्सच्या सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाने काही नंबर स्वतःसाठी राखलेत, आणि १००००० पासून पुढे कंटेनरसाठीचे पट्टे सुरू होतात. कर्मचारी क्रमांकात २०००० मिळवून नंबर देता आला तर उत्तम, कोणाला कुठला दिला याची वेगळी वही ठेवावी लागत नाही. एकदा दिलेला नंबर माणूस गेला तरी दुसऱ्याला देऊ नका; त्याच्या फाइली अजून कुठल्यातरी बॅकअपमध्ये आहेत.

जुन्या फाइली नव्या नंबरावर नेताना तीन खड्डे. ‘चोन’ (मालक बदलायची आज्ञा) केलं की चालणाऱ्या फाइलींवरचे सेट-यूआयडी बिट (मालकाच्या अधिकाराने चालवायची खूण) पुसले जातात, म्हणून त्यांची यादी आधी काढून ठेवा. एसीएलमध्येही (परवानग्यांच्या जादा यादीत) नंबरच साठवलेले असतात आणि ते ‘चोन’ने बदलत नाहीत. आणि जुने-नवे नंबर एकमेकांवर चढत असतील, म्हणजे १००४ चा १००७ होतोय आणि १००७ चा आणखी काही, तर एकामागून एक आज्ञा दिल्यास दोघांच्या फाइली एकाच्या नावावर जातात. वरचा पट्टा घेतल्यामुळे हा तिसरा खड्डा तुमच्या वाटेत येणार नाही.

एवढं झालं की जोडणी. त्यात अडतं ते बहुतेक वेळा घड्याळ, डीएनएस किंवा यंत्राचं नाव.

कर्बेरॉस एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आलं आणि विंडोज २००० पासून एडीचा कणा आहे. पासवर्ड वायरवरून न पाठवता ते वेळेचा शिक्का मारलेली तिकिटं वापरतं. यंत्र आणि कंट्रोलर यांच्या घड्याळात ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. आपल्याकडे एक खास प्रकार दिसतो: फरक बरोबर साडेपाच तासांचा. हार्डवेअरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, आणि व्हर्च्युअल यंत्र सुरू होताना दोघांचा घोळ होतो. साडेपाच दिसले की थेट तिकडेच बघा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी मिळवायची आहेतच, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. तेव्हा कंट्रोलर तिथून वेळ घेईल आणि बाकी सगळे कंट्रोलरकडून, अशी साखळी लावा. व्यवस्थापनाकडून मंजुरी काढायला हा निर्देश कामाला येतो, असा माझा अनुभव आहे.

डीएनएसमध्ये लिनक्स यंत्रांना एडीचाच नेमसर्व्हर द्या. कंट्रोलर कुठे आहे हे एसएसएसडी तिथल्या एसआरव्ही नोंदींवरून शोधतं. तुमचं डोमेन ‘.लोकल’ने संपत असेल (आपल्याकडच्या निम्म्या जुन्या डोमेनांचं तसंच असतं), तर उबुंटूवर नावं कुठे शोधायची ते ठरवणारी एनएसस्विच फाइल उघडा. तिथे एमडीएनएसची (स्थानिक नेटवर्कवरच नाव शोधायची पद्धत) नोंद आधी असेल तर ‘.लोकल’ची चौकशी डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही. पिंग होत नाही, डिग (थेट डीएनएसला विचारणारी आज्ञा) होतं, आणि माणूस चक्रावतो.

यंत्राच्या नावाची गंमत मला एकदा दोन दिवस पुरली होती. एडीतलं यंत्राचं खातं नेटबायोस या विंडोजच्या जुन्या नावपद्धतीच्या नियमाने १५ अक्षरांचं असतं. शहर-प्रॉड-ईआरपी-अ‍ॅप०१ अशा धर्तीची इंग्रजीत अठरा अक्षरी नावं होती. अ‍ॅप०१ जोडलं, चाललं. अ‍ॅप०२ जोडलं, तेही चाललं, पण ०१ बंद पडलं. ०१ परत जोडलं की ०२ बंद. दोघांची पहिली पंधरा अक्षरं एकच, त्यामुळे दोघं एकाच खात्याचा पासवर्ड आलटून पालटून बदलत होती. जोडताना छोटं वेगळं नाव देता येतं, ते द्या. यंत्राच्या पासवर्डचाच दुसरा उपद्रव म्हणजे एसएसएसडी तो दर ३० दिवसांनी बदलतं. मधल्या काळात जुना स्नॅपशॉट (यंत्राची साठवलेली प्रत) परत आणला तर यंत्राकडे जुना पासवर्ड, एडीकडे नवा. पुन्हा जोडणं हाच उपाय.

परवानगीकडे मात्र जोडल्या क्षणी लक्ष द्या. नुसतं जोडून सोडलं तर डोमेनमधला कुठलाही युजर, अगदी रिसेप्शनवरचासुद्धा, लिनक्सवर लॉगिन करू शकतो. यंत्रांच्या कामानुसार एडीत ग्रुप करा, एक लॉगिनचा आणि एक सुडोचा, आणि त्या ग्रुपांपुरतीच दारं उघडा. उलटी अडचणही येते. रेड हॅट ८ पासून एसएसएसडी एडीची ग्रुप पॉलिसी (यंत्रांसाठी एडीत लिहिलेले नियम) डीफॉल्टने पाळतं, आणि एसएसएच (लिनक्सवर दुरून लॉगिन करायची पद्धत) तिच्या लेखी रिमोट डेस्कटॉपच्या लॉगिनसारखं असतं. विंडोजवाल्यांनी कधीतरी रिमोट डेस्कटॉप फक्त प्रशासकांना ठेवलेला असेल, तर रेड हॅट ७ वर सुरळीत चाललेली माणसं ८ वर दारातून परत जातात.

पासवर्डऐवजी एसएसएच-की वापरणाऱ्यांची चाचणी वेगळी घ्या. कीने येणाऱ्याचा पासवर्ड कोणी विचारतच नाही. खातं एडीत बंद केलं तरी त्याला अडवायचं काम पॅमच्या खात्याच्या टप्प्यावर होतं, आणि तेही एसएसएचमध्ये पॅम चालू असेल आणि एसएसएसडीचा अ‍ॅक्सेस-प्रोव्हायडर एडीचा असेल तर. एक खोटं खातं तयार करा, की टाका, एडीत बंद करा, आणि आत जाता येतं का बघा. ऑडिटरला कागद दाखवण्यापेक्षा हे दाखवा. हेही माहीत असू द्या की खातं बंद केल्याने आत बसलेला माणूस बाहेर पडत नाही. त्याची चालू सत्रं मारावी लागतात. एडीचं तिकीट डीफॉल्टने १० तास जगतं आणि एसएसएसडी माहिती दीड तास स्वतःकडे धरून ठेवतं.

डोमेन कंट्रोलर पडला तर काय? निदान दोन असूद्यात, आणि एसएसएसडीत पासवर्ड कॅशिंग चालू ठेवा, म्हणजे त्या यंत्रावर आधी आलेल्यांना तरी येता येईल. रूट (मुख्य प्रशासकाचं खातं) कायम स्थानिक, त्याचा पासवर्ड प्रत्येक यंत्राचा वेगळा, पाकिटात बंद, आणि वर्षातून दोनदा कन्सोलवरून खरंच वापरून बघायचा. एनएसस्विचमध्ये ‘फाइल्स’ आधी, ‘एसएसएस’ नंतर. बदल करताना रूटचं एक सत्र उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून तपासा, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण पॅमची फाइल बिघडवून मी स्वतःला बाहेर कोंडून घेतलेलं आहे.

नेटवर्कचे स्विच आणि फायरवॉल यात येत नाहीत; त्यांना रेडियस (अशा उपकरणांच्या लॉगिनची पद्धत) द्या, विंडोजचा एनपीएस त्यासाठी पुरतो.

राहिलं एआयएक्स. तिथे एसएसएसडी नाही. एलडॅप क्लायंट ‘एमकेसेकएलडॅप’ने लागतो, ओळख एडीकडून आणि पासवर्ड कर्बेरॉसने. सगळ्या युजरांचं डीफॉल्ट बदलू नका. ज्यांना लागेल त्यांच्याच खात्यावर नवी पद्धत लावा, रूट आणि डेटाबेसची खाती फाइलीवरच ठेवा. आणि एक गोष्ट वेळेत करा. एडीत युजरचं नाव २० अक्षरांपर्यंत चालतं, एआयएक्सवर मूळ मर्यादा ८ अक्षरांची. ‘मॅक्स-लॉगनेम’ वाढवता येतं, पण ते लागू व्हायला यंत्र बंद करून चालू करावं लागतं. ईआरपीची यंत्रं आहेत, महिनाअखेर सोडून तारीख मिळायला वेळ लागेल. नंबरांची शीट भरायला घेण्याआधी त्या डाउनटाइमचा अर्ज टाकून द्या.